यंत्राने केलेले फास्ट फूड आणि अन्नविषबाधा : काय बघावे, त्रास झाल्यास काय करावे

थोडक्यात

- स्वयंपाकघरातले यंत्र तापमान आणि वेळ नेमकी पाळते आणि अन्नाला लागणारे हात कमी करते. हा फायदा खरा आहे.
- पाणी, चटणी, कच्चा कांदा-कोबी, मेयोनेझ, आजारी कामगार आणि यंत्राची स्वतःची सफाई या गोष्टी यंत्राच्या ताब्यात नसतात. बरीचशी विषबाधा याच वाटांनी येते.
- अन्न पुन्हा गरम केल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच तयार केलेले विष उकळूनही जात नाही.
- उलट्या-जुलाबावर पहिला उपाय म्हणजे ओआरएसचे पाणी. प्रतिजैविके आणि जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.
- जुलाबात रक्त, लघवी बंद, सुस्ती, न थांबणाऱ्या उलट्या यांपैकी काहीही असेल तर लगेच रुग्णालय गाठावे.

## हा प्रश्न का विचारला जातो

संध्याकाळी दिवा स्टेशनवर लोकल रिकामी होते, तेव्हा बाहेर वडापाव, चायनीज, मोमो आणि शोरम्याच्या गाड्यांवर गर्दी होते. सकाळी सातला घर सोडलेल्या माणसाला रात्री आठ-नऊ वाजता भूक आवरत नाही. घरी बसलेली मुले मोबाईलवरून पिझ्झा किंवा बिर्याणी मागवतात. दुसऱ्या दिवशी त्यांतले काही जण पोट धरून दवाखान्यात येतात.

अलीकडे यात एक नवा प्रश्न आला आहे. रोबो डोसा घालतो, यंत्राचा हात बटाटे तळतो, असे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. "मशीनवर बनतं, माणसाचा हात लागत नाही, मग ते सुरक्षितच असेल ना?" असे रुग्ण आणि नातेवाईक विचारतात. उत्तर "काही बाबतींत हो" असे आहे. त्या कोणत्या बाबी आणि कोणत्या नाहीत, हे कळले की रोबो असो वा साधी कढई, कोणत्याही दुकानात काय बघायचे ते कळते.

## यंत्र आपल्या किती जवळ आले आहे

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावी कॅलिबर्गर या दुकानात २०१८ मध्ये 'फ्लिपी' नावाचा यंत्रहात बर्गरची टिक्की उलटायला लागला. पुढे व्हाइट कॅसल या साखळीने २०२० मध्ये तो तळणीच्या कामासाठी वापरून पाहिला. भारतात बंगळुरूच्या मुकुंदा फूड्स कंपनीने आपोआप डोसे घालणारे 'डोसामॅटिक' आणि फ्राइड राइस, नूडल्स परतणारे 'वोकी' अशी यंत्रे बनवली. बसून खाण्याची सोय नसलेल्या, फक्त घरपोच पार्सल देणाऱ्या स्वयंपाकघरांमध्ये अशी यंत्रे वापरली जातात.

आपल्या पट्ट्यातले उदाहरण वडापावाचे आहे. 'गोली वडापाव' या साखळीचे पहिले दुकान २००४ मध्ये कल्याणला निघाले. पुढे या साखळीने हाताने वडे वळणे सोडले. तळोज्याच्या व्हिस्टा प्रोसेस्ड फूड्स या कंपनीच्या यंत्रांवर, हात न लावता तयार केलेले आणि गोठवलेले वडे दुकानात आणून तळायला सुरुवात केली.

म्हणजे दिव्याच्या गाडीवर रोबो उभा नसला, तरी यंत्रावर बनलेले अन्न आपण खातच असतो. गोठवलेले मोमो, टिक्की, नगेट्स, फ्रेंच फ्राइज कारखान्यातल्या यंत्रांवरच तयार होतात. गाडीवर ते फक्त तळले किंवा वाफवले जातात.

## अन्नविषबाधा कशी होते

तीन गोष्टी जुळून आल्या की अन्न बाधते.

१. जंतू अन्नात येतात. कच्चे मांस, अंड्याचे कवच, मातीतल्या भाज्या, दूषित पाणी, कामगाराचे हात आणि नाक, न धुतलेली सुरी किंवा पाट या वाटांनी ते येतात.

२. त्यांना वाढायला वेळ मिळतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा आहे. आपल्याकडच्या दमट ३०-३२ अंशांत जंतूंची संख्या फार वेगाने वाढते. म्हणून शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

३. ते मरत नाहीत. अन्न आतपर्यंत किमान ७० अंशांपर्यंत तापले की बहुतेक जंतू मरतात. बाहेरून करपलेले आणि आतून कोमट, अशा अन्नात ते जिवंत राहतात.

यंत्र या तीन गोष्टींपैकी कशाला हात घालते, हे बघू.

## यंत्राचा फायदा कुठे होतो

शिजवण्यात. १९९३ मध्ये अमेरिकेत जॅक इन द बॉक्स या साखळीचे बर्गर खाऊन ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ४ मुले दगावली. गोमांसाच्या टिक्कीत 'ई. कोलाय ओ१५७' हा घातक जंतू होता आणि टिक्की आतपर्यंत पुरेशी भाजली गेली नव्हती. अशी चूक यंत्र टाळू शकते. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी भाजणारा तवा, तापमान स्थिर ठेवणारी तळणी आणि वेळ संपली की जाळी वर उचलणारा यंत्रहात घाई करत नाहीत. रात्री नऊ वाजता दुकानात वीस जण उभे असले, तरी यंत्र एक मिनिट आधी वडा काढत नाही.

हाताच्या संपर्कात. पैसे घेतलेल्या हाताने पाव उघडणे, बोटाला पट्टी असताना पीठ मळणे, मोबाईल बघत सारण वळणे, हे सगळे यंत्रावर होत नाही. आपल्या त्वचेवर आणि नाकात राहणारा 'स्टॅफिलोकॉकस' जंतू या वाटेने अन्नात येतो. ती वाट यंत्राने बरीच अरुंद होते.

नोंदीत. चांगल्या यंत्रात तापमानाची नोंद राहते. शीतपेटी रात्री तीन तास बंद होती, हे सकाळी कळते. साध्या फ्रिजमध्ये ते कळत नाही, कारण सकाळी तो पुन्हा गार झालेला असतो.

## यंत्र कुठे कमी पडते

जे शिजवतच नाहीत, त्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत मॅकडोनाल्डच्या एका बर्गरमधून पुन्हा 'ई. कोलाय ओ१५७' पसरला. १४ राज्यांत १०४ जण आजारी पडले आणि एक जण दगावला. तिथली टिक्की वेळ लावलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजली जाते. तपासात बोट गेले ते बर्गरमध्ये घातलेल्या कच्च्या चिरलेल्या कांद्याकडे. १९९३ चा धडा घेऊन टिक्की नीट भाजली, पण न भाजलेल्या थरातून आजार आला.

आजारी कामगारात. डिसेंबर २०१५ मध्ये बोस्टन शहरातल्या चिपोटले साखळीच्या एका दुकानातून नोरोव्हायरस पसरला आणि १४० हून अधिक लोकांना त्रास झाला. एक आजारी कामगार तिथे कामावर होता. रोबो असलेल्या दुकानातही भाज्या आणणारी, यंत्र भरणारी, डबा बंद करणारी माणसेच असतात. जुलाब लागलेल्या माणसाला भरपगारी सुट्टी मिळते का, हा प्रश्न म्हणूनच गिऱ्हाइकाच्याही आरोग्याचा आहे.

यंत्राच्या सफाईत. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या टाकोमा शहरात एका बर्गरच्या दुकानातली मिल्कशेकची यंत्रे नीट धुतली न गेल्यामुळे 'लिस्टेरिया' पसरला. ६ जणांना रुग्णालयात न्यावे लागले, त्यांतले ३ जण दगावले. यंत्राच्या नळ्या, तोट्या, रबरी कड्या आणि सांधे यांत अन्नाचा चिकट थर साचतो. त्या थरात जंतू घर करतात आणि वरून फडके मारून ते जात नाहीत. यंत्र सुटे करून, घासून, जंतुनाशकाने धुवावे लागते. लिस्टेरिया तर फ्रिजमधल्या थंडीतही वाढतो.

यंत्राची एक घाण कढई किंवा तोटी असेल, तर तिच्यातून निघालेला प्रत्येक घास दूषित होतो. हाताने होणारी चूक दहा वड्यांत होते. मोठ्या यंत्रातली चूक हजारो वड्यांत जाऊ शकते.

पाण्यात आणि विजेत. पीठ भिजवायला, यंत्र धुवायला, बर्फ करायला पाणी लागते. दिव्यात अनेक इमारतींना वर्षानुवर्षे टँकरचे पाणी घ्यावे लागले आहे. टँकर, टाकी किंवा गळकी जलवाहिनी यांत कुठेही पाणी दूषित झाले, तर महागडे यंत्रही तेच पाणी वापरणार. लाईट गेली की गोठवलेला माल वितळायला लागतो. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. माल वितळला की पुन्हा वाढू लागतात आणि पुन्हा गोठवल्याने ती वाढ पुसली जात नाही.

ॲलर्जीत. शेंगदाणे, तीळ, दूध, अंडे किंवा कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी लक्षात ठेवावे, की एकाच यंत्रात एकामागून एक वेगवेगळे पदार्थ परतले जातात. आधीच्या पदार्थाचा अंश पुढच्यात येऊ शकतो. आपल्या ॲलर्जीबद्दल दुकानदाराला स्पष्ट विचारावे. खात्रीचे उत्तर मिळाले नाही, तर तो पदार्थ टाळावा.

## आपल्या नेहमीच्या पदार्थांत धोका कुठे असतो

वडापाव. गरम तेलातून नुकताच काढलेला वडा बहुधा सुरक्षित असतो. काळजी करायची ती उकडलेल्या बटाट्याच्या सारणाची आणि हिरव्या चटणीची. दुपारी केलेले सारण रात्रीपर्यंत बाहेर राहिले आणि त्यात स्टॅफिलोकॉकसचे विष तयार झाले, तर तळूनही ते विष जात नाही. हिरव्या चटणीत कच्ची कोथिंबीर आणि न उकळलेले पाणी असते. लसणाची कोरडी लाल चटणी त्या मानाने कमी धोक्याची, कारण तिच्यात पाणी नसते. गोठवलेला वडा असेल, तर तो मोडून आतून वाफ निघते का ते बघा. मध्ये गार लागला तर परत द्या.

चायनीज राइस. सकाळी शिजवलेला भात टोपलीत उघडा ठेवून रात्री मोठ्या आचेवर परतला जातो. भातात 'बॅसिलस सेरियस' या जंतूची बीजे शिजवल्यानंतरही जिवंत राहतात आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात. कढईच्या जाळानेही हे विष नष्ट होत नाही. परतणारे यंत्र आणि परतणारा माणूस यांत इथे काही फरक नाही. भात कधी शिजवला आणि तो थंड पेटीत ठेवला होता का, एवढेच महत्त्वाचे.

शोरमा. फिरत्या सळईवर मांसाचा बाहेरचा थर भाजतो, आतला कच्चा असतो. गर्दी वाढली की भाजायच्या आधीच थर कापले जातात. गर्दी कमी झाली की शेगडी बंद होते आणि कोमट मांस तसेच उभे राहते. केरळमध्ये कासरगोड जिल्ह्यातल्या चेरुवत्तूरला मे २०२२ मध्ये शोरमा खाऊन एक शाळकरी मुलगी दगावली. तिथल्या रुग्णांत 'शिगेला' जंतू सापडला. मुंबईत मे २०२४ मध्ये मानखुर्द परिसरात गाडीवरचा चिकन शोरमा खाल्ल्यावर १९ वर्षांचा तरुण दगावला आणि पोलिसांनी दोन विक्रेत्यांना अटक केली. कापलेले मांस पोळीत घालण्याआधी तव्यावर पुन्हा नीट परतून देत असतील, तरच शोरमा घ्यावा.

मेयोनेझ. मोमो, शोरमा, सँडविच यांच्याबरोबर येणारे पांढरे मेयोनेझ कच्च्या अंड्याचे असेल, तर त्यात साल्मोनेला असू शकतो. केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेझवर बंदी घातली. बंद पाकिटातले, बिनअंड्याचे मेयोनेझ त्यापेक्षा बरे, पण तेही उघडल्यावर दिवसभर उन्हात ठेवलेले नको.

घरपोच पार्सल. पॅकिंग कितीही चकचकीत असले, तरी घड्याळ बघा. आलेले अन्न लगेच खा. उरले तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करूनच खा.

## दुकानात काय बघावे

- १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावलेला आहे का?
- अन्न देणारा आणि पैसे घेणारा वेगळा आहे का? नसेल, तर अन्न चिमट्याने देतो का?
- हात धुवायला वाहते पाणी आणि साबण आहे का?
- चटणी, कांदा, कोबी झाकलेले आहेत का? चटणीचे भांडे बर्फात किंवा फ्रिजमध्ये आहे का?
- तेल काळे, फेसाळ आणि धूर सोडणारे आहे का? असे तेल वारंवार वापरलेले असते. त्याने लगेच विषबाधा होत नाही, पण आरोग्याला ते घातकच.
- आइस्क्रीम, मिल्कशेक, सरबत यांच्या यंत्राची तोटी चिकट किंवा काळपट दिसते का? दिसली तर घेऊ नये.

कायद्यानुसार अन्न हाताळणाऱ्या कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. "तपासणीचे कागद आहेत का?" असे गिऱ्हाइकाने विचारण्यात गैर काही नाही.

## त्रास कधी सुरू होतो

शेवटी खाल्लेल्या पदार्थावर संशय जातो, पण कारण बरेचदा आधीचे असते. साधारण वेळा अशा :

- अर्धा ते ८ तास : स्टॅफिलोकॉकस किंवा भातातल्या बॅसिलस सेरियसचे विष. मुख्यतः उलट्या, बहुधा एका दिवसात उतार.
- ६ ते २४ तास : मोठ्या पातेल्यात हळूहळू गार झालेल्या रस्सा, बिर्याणीतले जंतू. पोटात कळा आणि जुलाब.
- १२ ते ४८ तास : नोरोव्हायरस. उलट्या, जुलाब, अंगदुखी. घरात एकापाठोपाठ एक आजारी पडतात.
- ६ तास ते ६ दिवस : साल्मोनेला. ताप, जुलाब, कळा.
- १ ते ४ दिवस : शिगेला, ई. कोलाय. जुलाबात रक्त येऊ शकते.
- १ ते ३ आठवडे : विषमज्वर, म्हणजे टायफॉइड. चढत जाणारा ताप.
- २ ते ७ आठवडे : कावीळ 'अ'. कावीळ 'ई' याहून थोडी उशिराही दिसू शकते.

म्हणून डॉक्टरांना फक्त कालचे जेवण सांगू नका. गेल्या तीन-चार दिवसांत बाहेर काय खाल्ले आणि सोबत खाणाऱ्यांपैकी आणखी कोणाला त्रास झाला, हे सांगा.

## घरी काय करावे

ओआरएस. १ लिटरचे पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा. अर्धे पाकीट अंदाजाने ग्लासात टाकू नका. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घाला. मीठ जास्त पडू देऊ नका. हे पाणी २४ तासांत संपवा, उरले तर टाकून द्या.

किती द्यावे. २ वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर. २ ते १० वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर. मोठ्यांनी तहानेप्रमाणे, भरपूर. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा.

खाणे. बाळाचे अंगावरचे दूध चालू ठेवा. मोठ्यांनी भाताची पेज, मऊ खिचडी, ताक, केळे, डाळीचे पाणी घ्यावे. उपाशी राहू नये. शीतपेये आणि बाटलीतले गोड रस टाळावेत, जास्त साखरेने जुलाब वाढतात.

झिंक. मुलांना जुलाब झाल्यास झिंक १४ दिवस देतात : ६ महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. डॉक्टरांना विचारून सुरू करा.

काय करू नये. मेडिकलमधून मनाने प्रतिजैविक घेऊ नका. बहुतेक विषबाधा त्याशिवाय बऱ्या होतात आणि काही प्रकारांत त्याने नुकसान होते. ताप किंवा जुलाबात रक्त असताना जुलाब बंद करणारी गोळी घेऊ नका, मुलांना तर मुळीच देऊ नका. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका.

घरातल्या इतरांसाठी. आजारी माणसाने बरे झाल्यावर दोन दिवस तरी इतरांचा स्वयंपाक करू नये. हात साबणानेच धुवावेत. नोरोव्हायरसवर हाताला लावायचे सॅनिटायझर फारसे चालत नाही.

## रुग्णालयात कधी जावे

पुढीलपैकी एकही खूण असेल तर वाट बघू नका :

- जुलाबात रक्त, किंवा भाताच्या पेजेसारखे पांढरट, भरमसाट जुलाब
- सहा-आठ तास लघवी नाही, किंवा लघवी फार गडद
- डोळे खोल, तोंड कोरडे, बाळ रडताना अश्रू नाहीत, टाळू खोल गेलेली
- सुस्ती, बरळणे, चक्कर, हातपाय गार
- पाणीसुद्धा पोटात टिकत नाही
- ३९ अंशांपुढे ताप, किंवा तीन दिवसांपेक्षा जास्त जुलाब
- दुहेरी दिसणे, बोलताना किंवा गिळताना अडखळणे
- रक्ताचे जुलाब कमी झाल्यावर आठवडाभरात चेहरा फिका, सूज, लघवी कमी : ई. कोलायमुळे मूत्रपिंडावर परिणाम झाल्याची ही खूण असू शकते

दिव्याहून जवळचे मोठे सार्वजनिक रुग्णालय म्हणजे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. डोंबिवलीत महापालिकेचे शास्त्रीनगर रुग्णालय आहे. रुग्ण उभा राहू शकत नसेल, तर लोकलने किंवा दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा आणि वाटेत ओआरएस देत राहा. रुग्ण पूर्ण शुद्धीत नसेल तर मात्र तोंडाने काहीही देऊ नका.

## यांनी जास्त जपावे

गरोदर स्त्रिया. लिस्टेरियाने गर्भपात होऊ शकतो आणि कावीळ 'ई' गरोदरपणात जिवावर बेतू शकते. बाहेरचे कच्चे सॅलड, पाण्याची चटणी, बर्फ, यंत्रातले आइस्क्रीम आणि कच्च्या अंड्याचे मेयोनेझ टाळावे.

५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांपुढील माणसे. यांच्यात शोष फार लवकर पडतो. पहिल्या जुलाबापासून ओआरएस सुरू करा.

मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे रुग्ण. उलट्या-जुलाब चालू असताना मेटफॉर्मिन, नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येणाऱ्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या त्रासदायक ठरू शकतात. त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना फोन करून काय थांबवायचे ते विचारा. इन्शुलिन मनाने बंद करू नका.

कर्करोगाचे उपचार, स्टेरॉइड किंवा अवयव बदललेले रुग्ण. यांनी ताजे, गरम, घरचे अन्नच घ्यावे. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

## तक्रार कशी करावी

आपली तक्रार आपल्यासाठी उशिराची असली, तरी उद्याच्या गिऱ्हाइकासाठी वेळेवर असते. विशेषतः यंत्रावर एकाच ठिकाणी बनून अनेक दुकानांत जाणाऱ्या मालाच्या बाबतीत, दोन वेगवेगळ्या गावांतल्या तक्रारी जुळल्या की मूळ सापडते.

- बिल, पाकीट, त्यावरचा उत्पादनाचा गट क्रमांक आणि फोटो जपून ठेवा. उरलेले अन्न पिशवीत बांधून, "खाऊ नये" असे लिहून फ्रिजमध्ये ठेवा.
- प्रतिजैविक सुरू होण्याआधी शौचाची तपासणी करता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.
- दुकानांची तपासणी आणि परवाना हे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे काम आहे. त्यांचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. केंद्रीय प्राधिकरणाचा १८००-११२-१०० आणि 'फूड सेफ्टी कनेक्ट' हे ॲप आहे.
- एकाच वेळी अनेक जण आजारी पडले तर महापालिकेच्या आरोग्य विभागालाही कळवा. दिवा ठाणे महापालिकेत येते, डोंबिवली कल्याण-डोंबिवली महापालिकेत.
- अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ६५ नुसार असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजा झाल्यास ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी १ लाखापर्यंत भरपाईची तरतूद आहे. त्यासाठी डॉक्टरांचे कागद आणि बिल लागतात.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वास-चव चांगली होती, तरी बाधले कसे?
आजार करणारे जंतू बहुधा वास बदलत नाहीत. आंबूस वास येतो तो वेगळ्या जंतूंमुळे. वासावर खात्री करता येत नाही.

सगळ्यांनी तेच खाल्ले, मलाच का?
जंतू सगळ्या पातेल्यात सारखे नसतात. कोणी किती खाल्ले, वय, पोटातले आम्ल, आम्लपित्ताच्या गोळ्या यांनीही फरक पडतो.

लिंबू पिळले, कांदा धुतला, तर जंतू मरतात का?
लिंबाने पुरेसे मरत नाहीत. स्वच्छ पाण्याने धुतल्यावर कमी होतात, संपत नाहीत.

मग रोबो असलेले दुकान निवडावे की गाडीवरचा वडा?
समोर तळलेला, वाफाळता, कोरड्या चटणीचा गाडीवरचा वडा हा यंत्राने केलेल्या, पण तासभर कोमट राहिलेल्या बर्गरपेक्षा सुरक्षित असू शकतो. यंत्र असेल तर त्याचा फायदा घ्यावा, पण अन्न गरम आहे का, पाणी कुठले, कच्चे काय घातले आणि ते किती वेळ बाहेर होते, हे चार प्रश्न दोन्हीकडे सारखेच विचारावेत.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. रुग्णाची तपासणी करून डॉक्टर जे सांगतील ते प्रमाण मानावे. घरात ओआरएसची दोन पाकिटे नेहमी ठेवावीत.